त्या टाळ्यांना हसणारे आपण

मराठी सुशिक्षितांच्या संगीतविषयक गप्पांत एक किस्सा हमखास येतो. न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांचा कार्यक्रम होता. दोघेही वाद्ये लावीत होते. सूर जुळले, हात क्षणभर थांबले, आणि समोरच्या हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यावर पंडितजी म्हणाले, की नुसते सूर जुळवणेच एवढे आवडले असेल, तर प्रत्यक्ष वादन त्याहून आवडेल अशी आशा करू या. किस्सा इथे संपतो. हशा होतो. सांगणारा आणि ऐकणारे, दोघेही एका विशिष्ट समाधानाने चहाकडे वळतात.

हे समाधान कशाचे, हा या लेखाचा विषय आहे.

काही काळापूर्वी एका महाविद्यालयातील चर्चासत्रात आस्वाद आणि अधिकार या विषयावर बोलताना एका ज्येष्ठ वक्त्यांनी हाच किस्सा सांगितला. ‘अधिकारी श्रोता’ नसला की काय होते, याचे उदाहरण म्हणून. सभागृह हसले, मीही हसलो. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना सहज विचारले, की त्या टाळ्यांनंतर त्या दोघांनी काय वाजवले? ते प्रांजळपणे म्हणाले, ‘ते काही मी ऐकलेले नाही.’ त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, कारण तोवर वीसेक वर्षे मी स्वतः हा किस्सा वर्गात सांगत आलो होतो आणि मीही ते ऐकले नव्हते. ज्या श्रोत्यांनी ऐकले त्यांना आपण दोघे हसत होतो, आणि आपण दोघांनी ऐकलेच नव्हते! त्या रात्री घरी येऊन मी ते ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले.

आधी प्रसंग नीट सांगतो, कारण किस्से प्रसंगाला खाऊन टाकतात. तो १ ऑगस्ट १९७१ चा दिवस. स्थळ न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दुपारी एक आणि रात्री एक असे दोन खेळ. दोन्ही मिळून सुमारे ४० हजार श्रोते. कार्यक्रमाचे नाव ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. म्हणजे तो सतारवादनाचा जलसा नव्हताच. ती रॉक संगीताची मैफल होती. बीटल्समधून नुकताच बाहेर पडलेला जॉर्ज हॅरिसन तिचा कर्ता. पडद्यामागची प्रेरणा मात्र रविशंकरांची. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने पूर्व बंगालचा किनारा उद्ध्वस्त झाला होता. मार्च १९७१ पासून पाकिस्तानी लष्कराने तिथे कत्तल आरंभली होती. निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. वर्ष संपेपर्यंत त्यांची संख्या १ कोटीच्या घरात गेली. रविशंकरांचे कुटुंब मूळ जेसोरकडचे. अली अकबरांचा जन्मच पूर्व बंगालमधला. दोघांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ हेही त्याच मातीतले, आणि तेव्हा हयात. एखादा कार्यक्रम करून २५ हजार डॉलर तरी पाठवता आले तर पाहावे, एवढ्याच अपेक्षेने रविशंकर हॅरिसनकडे गेले होते. पाचसहा आठवड्यांत हॅरिसनने जे उभे केले ते अपेक्षेच्या कितीतरी पलीकडचे होते.

रंगमंचावर कोण कोण होते ते पाहा. एरिक क्लॅप्टन, बॉब डिलन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन, क्लाउस फोरमन, जिम केल्टनर, जेसी एड डेव्हिस, बॅडफिंगर हा संपूर्ण वाद्यवृंद, शिवाय जिम हॉर्न यांच्यासह सुषिर वाद्ये वाजवणारा ताफा आणि मागे कोरस. आणि या सर्वांच्या आधी, कार्यक्रमाच्या आरंभी, बैठक मारून बसलेले चौघे: सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर, तबल्यावर अल्लारखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती.

हॅरिसनने त्यांची ओळख करून देताना श्रोत्यांना बजावले, की हे संगीत आमच्यापेक्षा गंभीर आहे. रविशंकरांनी वादन चालू असताना धूम्रपान न करण्याची विनंती केली. मग वाद्ये लावणे सुरू झाले. मग त्या टाळ्या.

ते ध्वनिमुद्रण ऐकताना पहिली गोष्ट लक्षात येते ती रविशंकरांचा स्वर. आपल्या किस्स्यातले पंडितजी खोचक आहेत, अडाणी जमावाला एका वाक्यात गारद करणारे. ध्वनिमुद्रणातले पंडितजी आधी आभार मानतात आणि मग हसत ते वाक्य बोलतात. यजमानाने पाहुण्याची गफलत सावरून घ्यावी तसे. त्यांच्या बोलण्यात अपमान मुळीच नाही. तो आपण घातला आहे, सांगता सांगता, पिढीदर पिढी. लोककथेच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया ठाऊक असते: कथा सांगणाऱ्या समूहाला ज्याची गरज असते ते कथेत हळूहळू वाढत जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या दीड-दोन मिनिटांत नेमके काय ऐकू येते? सतारीला वाजवायच्या तारांखाली तरफांच्या अकराबारा तारा असतात, सरोदलाही तशाच. या तरफा नुसत्या षड्जाला मिळवून भागत नाही. जे वाजवायचे त्याच्या स्वरांना त्या मिळवाव्या लागतात. वादक त्यांवरून बोट फिरवतो तेव्हा पुढे येणाऱ्या रागाची सगळी स्वरावली एका झपक्यात झरून जाते. अल्लारखा हातोडीने तबल्याची पुडी ठोकून सुरात आणतात, मध्येच एखादा बोल वाजवून पाहतात. खाली तंबोऱ्याची अखंड आस. ज्याने हे पूर्वी कधीच ऐकलेले नाही अशा कानाला यातले कोणते ‘संगीत’ आणि कोणती ‘तयारी’ हे कळावे तरी कसे? स्वर आहेत, ते आसासहित आहेत, एकमेकांना उत्तरे देत आहेत, हळूहळू एका ठिकाणी येऊन मिळत आहेत. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी एका सुरेल घटनेलाच टाळ्या वाजवल्या. त्यांची चूक एवढीच, की त्या घटनेचे व्याकरणातले नाव त्यांना ठाऊक नव्हते.

आणि आपण काय करतो? गायकाच्या मागे दोन तंबोरे असे जुळले, की त्यांतून गंधार आपोआप बोलू लागला, तर आपल्या बैठकीतला जाणकार डोळे मिटून ‘वा!’ म्हणतो. अजून गाणे सुरू झालेले नसते. तंबोरे जुळवण्याबाबत कुमार गंधर्वांचा काटेकोरपणा आपण किती भक्तिभावाने सांगतो! म्हणजे पुण्यात जुळलेल्या तंबोऱ्याला दाद दिली की ती रसिकता, आणि न्यूयॉर्कमध्ये जुळलेल्या सतारीला दिली की तो अडाणीपणा. यावर कोणी म्हणेल, की पुण्यातल्या जाणकाराला आपण कशाला दाद देत आहोत हे ठाऊक असते. मान्य. पण मग हसू ज्ञानाच्या अभावाला आहे, दाद चुकीच्या जागी गेली म्हणून नव्हे. तसे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. माहीत नसणाऱ्याला हसणे हा शिक्षकाच्या धंद्यातला मोठा दोष मानला जातो, निदान मानला जात असे.

टाळी केव्हा वाजवावी हा प्रत्येक संगीतपरंपरेचा आपला आचार असतो आणि तो बाहेरच्याला नेहमी विचित्र वाटतो. पाश्चात्त्य सिम्फनीच्या दोन भागांमध्ये शांतता पाळायची असते. मुंबईच्या एनसीपीएत त्या शांततेत टाळ्या वाजवणारे आपलेच लोक असतात, आणि त्यांच्याकडे वळून पाहणारेही आपलेच. आपल्याकडे आलापाच्या मध्येच दाद देतात, तिहाई समेवर आली की देतात; ती दिली नाही तर कलावंत अस्वस्थ होतो. रॉकच्या मैफलीचा आचार तिसराच. तिथे रंगमंचावरून येणारा पहिला आवाज हाच उत्सव असतो. कलावंत येण्याआधी एखादा तंत्रज्ञ येतो, गिटारची तार छेडून ध्वनिक्षेपक तपासतो, तरी मैदान गर्जून उठते. तो वादक नाही हे सर्वांना ठाऊक असते. ती दाद त्या वाजवण्याच्या गुणवत्तेला नसते. आता सुरू होणार, आम्ही इथे आहोत, एवढे ती सांगते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या टाळ्यांत या आचाराचाही वाटा असणार असे मला वाटते. पाहुणे मंडळी आली, बसली, त्यांच्या वाद्यांतून आवाज आला, थांबला. घरच्या रीतीप्रमाणे स्वागत झाले. आपण त्या स्वागताला परीक्षेतले चुकलेले उत्तर समजलो.

इथे एक कबुली देतो, कारण ती विषयाशी निगडित आहे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूजचा महोत्सव भरू लागला. ब्लूज म्हणजे रॉकचे आजोळच. एका वर्षी पुतणीच्या आग्रहाने मी तिथे गेलो. रात्रीच्या शेवटी त्या दिवशीचे सगळे कलावंत एकत्र रंगमंचावर येतात अशी तिथली प्रथा. आठदहा जण, त्यांतले काही एकमेकांबरोबर कदाचित पहिल्यांदाच वाजवणारे. कोणीतरी एक स्वर सांगितला, कोणीतरी चार मात्रा मोजल्या आणि गाडी निघाली. मला हा निव्वळ गोंधळ वाटला असता. पण लहानपणी चार वर्षे तबला शिकल्याने ठेका धरण्याची खोड आहे. मी टाळी देऊ लागलो. थोड्या वेळाने लक्षात आले, की माझी टाळी एकीकडे आणि भोवतालच्या सगळ्यांची दुसरीकडे पडते आहे. मी आपल्या संस्काराप्रमाणे पहिल्या मात्रेवर टाळी देत होतो, समेवर. ते सगळे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देत होते, जिथे तो ड्रमवाला आघात करतो. चार मात्रांचे साधे चलन, आणि त्यात मी सबंध जमावाच्या उलट! शेजारी उभ्या असलेल्या, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या एका अनोळखी मुलीने ते पाहिले. ती हसली नाही. तिने माझ्याकडे बघून आपले हात जरा वर उचलले आणि दोन-चार वेळा मला दिसेल अशी टाळी दिली. बस्स, इतकेच.

त्यानंतर पुतणीने बोटांवर मोजून दाखवले, की जे चालले आहे ते बारा खंडांचे एक आवर्तन आहे. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. पहिले चार खंड षड्जावर, मग दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर. मग एक पंचमावर, एक मध्यमावर, आणि शेवटचे दोन पुन्हा घरी. शेवटच्या खंडात सगळे मिळून एक वळण घेतात आणि पुन्हा पहिल्या मात्रेवर येऊन पडतात. मुखडा घेऊन समेवर यावे, अगदी तसे. हे कळल्याबरोबर मघाचा गोंधळ निवळला. प्रत्येक जण एक-दोन आवर्तने घेत होता, बाकीचे त्याला सांभाळीत होते, आणि पुढचा कोण हे नजरेने ठरत होते. ऐंशी टक्के सौंदर्य त्या नजरांत होते. ध्वनिमुद्रणात ते कधीच मिळणार नाही. त्यासाठी तिथे उभेच राहावे लागते, आणि चुकीच्या मात्रेवर टाळीही द्यावी लागते.

आता आक्षेप. साहित्याचे अध्यापक लगेच म्हणतील, की अधिकारभेद ही आपल्या काव्यशास्त्राची मूळ धारणा आहे. अभिनवगुप्ताचा सहृदय हा काव्याच्या सततच्या परिशीलनाने मनाचा आरसा लख्ख झालेला असा असतो, कोणीही सोम्यागोम्या नव्हे. बरोबर आहे. पण या धारणेत परिशीलनावर भर आहे, जन्मावर किंवा गावावर नाही. आणि परिशीलनाला कुठल्या तरी दिवशी आरंभ व्हावा लागतो. त्या दिवशी आरसा धुरकटच असतो. हजारो माणसे आपल्या आवडत्या बीटल्ससाठी तिकीट काढून आली आहेत, त्यांना सांगितले जाते, की आधी एक अनोळखी आणि गंभीर संगीत ऐका, सिगारेट विझवा, ती ऐकतात. ध्वनिमुद्रणात ती ‘बांगला धून’ पाव तासाहून अधिक चालते. सतार आणि सरोद यांची सवाल-जबाबाची लय चढत जाते तसा श्रोत्यांचा प्रतिसादही चढत जातो, आणि शेवटी जो गजर होतो तो योग्य जागी, योग्य गोष्टीला होतो. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत चुकलेला श्रोता शेवटी चुकत नाही. शिकण्याची ही गती कोणत्याही वर्गात मला पाहायला मिळाली तर मी धन्य होईन. आपला किस्सा मात्र दुसऱ्या मिनिटाला संपतो.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे आणि तो मला पूर्णपणे परतवता येत नाही. साठच्या दशकातल्या पश्चिमेला सतार हे एक खूळ होते. उदबत्ती, गांजा, मोक्ष आणि सतार असे एकच गाठोडे करून तिथल्या तरुणांनी ते मिरवले. खुद्द रविशंकर याने त्रासले होते. १९६७ च्या माँटेरेमध्ये वाद्ये फोडण्या-जाळण्याचा प्रकार त्यांना असह्य झाला. १९६९ च्या वुडस्टॉकमधला चिखल आणि नशा यांविषयी त्यांनी पुढे कडवटपणेच सांगितले. शिवाय रॉकच्या रीतीत आधी वाजवणारा हा दुय्यम असतो. मुख्य कलावंत येईपर्यंत लोकांना गुंतवून ठेवणारा. भारतीय वादन आरंभी ठेवण्यात हा अर्थ नव्हता असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. हे सगळे खरे. पण यातले कोणतेच म्हणणे आपल्या किस्स्यात नसते, हेही लक्षात घ्यावे. वसाहतवादाची, विक्रीव्यवहाराची टीका करायची तर ती जरूर करावी. तिला अभ्यास लागतो. किस्सा सांगायला तो लागत नाही. आणि ज्या माणसाने हे घडवून आणले तो हॅरिसन त्या खुळापुरता थांबला नव्हता. तो १९६६ पासून रविशंकरांकडे सतार शिकला, त्यासाठी मुंबईत येऊन राहिला, आणि काही वर्षांनी हे आपल्याला एका जन्मात साधणार नाही असे उमजून सतार खाली ठेवून गिटारकडे परतला. आपल्या अपुरेपणाचा असा अंदाज आपल्या समीक्षेत किती जणांना आहे, ते सांगायला नको.

देशीवादाचा दाखला देणारेही असतात: रॉक हा परका धांगडधिंगा, त्याच्याशी आपले काय देणेघेणे? त्यांना अरुण कोलटकरांची आठवण करून द्यावी. अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकणारा हा कवी अमेरिकन गाणी तितक्याच आस्थेने ऐकत होता. एका कानाने परके ऐकले म्हणून त्यांचा दुसरा कान बहिरा झाला नाही. २०१६ मध्ये डिलनला साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा गाण्यांना साहित्य म्हणावे का, असा प्रश्न आपल्याकडे विचारला गेला. ज्या भाषेचे अर्धे साहित्य टाळ-मृदंगावर, जात्यावर आणि फडात जन्मले त्या भाषेत! असो.

त्या दिवशीच्या मैफलीची जी गोष्ट साहित्याच्या माणसाने खरोखर पाहायला हवी ती वेगळीच आहे. इतकी मोठी नावे एका रंगमंचावर आली की काय होते, हे आपल्याला संमेलनांतून चांगले ठाऊक आहे. ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती, खुर्ची कितवी, निमंत्रणपत्रिकेत नाव कोणत्या आकाराच्या अक्षरांत. इथे काय झाले पाहा. बीटल्सने १९६६ मध्ये दौरे थांबवल्यानंतर स्वतःच्या नावाची एवढी मोठी मैफल हॅरिसन प्रथमच करीत होता. तो घाबरलेला होता. लेनन आणि मॅकार्टनी आले नाहीत. क्लॅप्टन त्या काळात व्यसनाने पुरता खंगलेला. तो उभा राहील की नाही याची खात्री नसल्याने जेसी एड डेव्हिसला त्याच्या जागी वाजवण्याची तयारी करून ठेवावी लागली. डिलन येईल की नाही हे शेवटच्या क्षणापर्यंत अनिश्चित होते. हॅरिसनने गिटारवर चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होते. तो आला. आणि आला तेव्हा त्याच्या साथीला कोण उभे राहिले? ज्याच्या नावावर मैफल होती तो हॅरिसन बाजूला गिटार घेऊन. एरवी पियानोवर बसणारा आणि काही वेळापूर्वी स्वतःच्या गाण्यांनी सभागृह दणाणून सोडणारा लिऑन रसेल बास गिटार घेऊन. आणि जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध ड्रमवादक रिंगो स्टार हातात खंजिरीसारखे टॅम्बोरिन घेऊन. दोघे गातात तेव्हा एकाच ध्वनिक्षेपकावर झुकून. रिंगो स्वतःचे गाणे म्हणताना शब्द विसरला; मागचे वाजवणारे पुढे जात राहिले आणि तो हसत पुन्हा त्यांच्यात आला. बॅडफिंगरचा पीट हॅम एका गाण्यापुरता हॅरिसनच्या शेजारी साधी गिटार घेऊन उभा राहिला; त्या मोठ्या ताफ्यातून अचानक दोनच गिटारी उरल्या.

आपल्या परिभाषेत याला साथसंगत म्हणतात. हा शब्द आपल्याकडे आहे, इतका सुंदर आहे, आणि तरीही साथीदाराचे नाव आपल्या जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरांत येते. तंबोरेवाल्याचे तर बहुधा येतच नाही. त्या दिवशी कमला चक्रवर्तींचे नाव चाळीस हजारांपुढे घेतले गेले.

त्या सगळ्यात दोन संगीतांची ‘मिसळ’ कुठेही नव्हती हे मला विशेष वाटते. अलीकडे मीलन, संगम वगैरे मोठ्या शब्दांखाली सतारीला ड्रम जोडून जे विकले जाते तसे काही त्या दिवशी झाले नाही. आधी चौघांनी आपले वाजवले, संपवले, उठले. मग इतरांनी आपले वाजवले. कोणी कोणाच्या व्याकरणात ढवळाढवळ केली नाही. दोन्हींना बांधणारी गोष्ट संगीताबाहेर होती.

आणि नेमकी तीच गोष्ट आपल्या किस्स्यातून गळून पडली आहे. माझ्या वर्गात मी मुद्दाम विचारून पाहिले: टाळ्यांची गोष्ट ठाऊक असलेले पाचसहा विद्यार्थी निघाले, तो कार्यक्रम कशासाठी होता हे त्यांतल्या एकालाच सांगता आले. ऑगस्ट १९७१ मध्ये बांगलादेश नावाचा देश जगाच्या नकाशावर नव्हता. भारताने त्याला ६ डिसेंबर १९७१ रोजी मान्यता दिली, अमेरिकेने एप्रिल १९७२ मध्ये. ज्या दिवशी तो कार्यक्रम झाला त्या दिवशी अमेरिकेचे सरकार, निक्सन आणि किसिंजर, पाकिस्तानच्या पाठीशी उभे होते. अशा वेळी न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीत, एका प्रचंड सभागृहात, मान्यता नसलेल्या त्या देशाचे नाव घेतले गेले. ‘पूर्व पाकिस्तानातील आपद्‌ग्रस्तांसाठी’ असे सोयीचे नाव देता आले असते. ते दिले नाही. शब्दाला राजकीय वजन असते हे साहित्याच्या लोकांना वेगळे सांगायला नको, आणि हा शब्द त्या दिवशी हजारो अमेरिकन तरुणांच्या तोंडी गेला. कार्यक्रमाच्या शेवटी हॅरिसनने त्याच नावाचे गाणे म्हटले.

तिकिटांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर जमले आणि ते युनिसेफकडे गेले. तीन तबकड्यांचा संच डिसेंबर १९७१ मध्ये निघाला, चित्रपट १९७२ मध्ये. त्यांतून जी मोठी रक्कम उभी राहिली तिचे पुढे काय झाले ती कथा विषण्ण करणारी आहे: कार्यक्रम आधी रीतसर धर्मादाय म्हणून नोंदवला नव्हता, म्हणून अमेरिकेच्या करखात्याने हात घातला आणि त्यातला बराच पैसा जवळजवळ दशकभर अडकून पडला. निर्वासितांच्या छावण्यांत पटकीने माणसे मेली ती १९७१ मध्येच. हसायचेच असेल, कडवट हसायचे असेल, तर या हिशेबावर हसता येईल, टाळ्यांवर कशाला?

तबकडीचा विचार करताना एक गोष्ट राहून राहून मनात येते. तिचे निर्माते हॅरिसन आणि फिल स्पेक्टर. सूर जुळवण्याचा तो भाग आणि त्या टाळ्या त्यांना सहज कापता आल्या असत्या. आपल्याच श्रोत्यांची फजिती, तीही पहिल्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर, कोण ठेवील? त्यांनी ती ठेवली. आपल्याला हा किस्सा मिळाला तो त्यांनी तो लपवला नाही म्हणून. आपल्याकडच्या एखाद्या नामांकित महोत्सवाच्या अधिकृत ध्वनिमुद्रणात आपल्या श्रोत्यांची अशी गफलत जपून ठेवलेली मी तरी ऐकलेली नाही.

आता मी तो किस्सा वर्गात सांगत नाही. त्याऐवजी ते वादन पूर्ण ऐकवतो, हॅरिसनच्या प्रास्ताविकापासून. टाळ्या येतात तेव्हा मुले अजूनही हसतात, हसू द्यावे. मग धून सुरू होते. या वर्षी एका मुलाने त्यानंतर लगेच दुसरी बाजू लावण्याचा हट्ट धरला. तास संपून गेला होता, बाहेर पुढच्या तासाची मुले येऊन उभी होती. ड्रमचा पहिला आघात झाला आणि मागच्या बाकांवरून टाळी सुरू झाली, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, बिनचूक. मी मात्र सवयीने पहिलीवरच दिली.